शिंप्याची पिल्लं आणि सोसायटीतला धूर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या वसाहतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. मी निवृत्त शिक्षिका. गेल्या सप्टेंबरात माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला डेंग्यू झाला, पाच दिवस अ‍ॅडमिट करावं लागलं. यंदा जुलैअखेर आमच्या इमारतीत आणखी दोन पेशंट निघाले आणि कमिटीने खासगी माणसाकडून आठवड्यातून दोनदा धूर मारायला सुरुवात केली. पार्किंगच्या कडेला उंबराचं रोप वाढलंय. त्याची पानं शिवून शिंपी पक्ष्याने घरटं केलं होतं, आत तीन पिल्लं होती. नातू आणि मी रोज गॅलरीतून बघायचो. एका शनिवारी संध्याकाळी धूर मारला. रविवारी सकाळी दोन पिल्लं खाली मरून पडली होती, तिसरं सापडलंच नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की ही हत्या आहे, धूर कायमचा बंद करा. सेक्रेटरींनी लिहिलं, 'काकू, तुम्हाला पक्षी महत्त्वाचे की मुलं?' मुलगा म्हणतो, माफी माग, हे सगळं तुझ्याच नातवासाठी चाललंय. सून बोलत नाही. आणि नातू विचारतो, 'आजी, माझ्यामुळे मेली का ती?' मी मनपाकडे तक्रार करू, की गप्प बसू?

ताई,

तक्रारीचं नंतर बघू. आधी नातवाला उत्तर द्या, आजच्या आज. तो आजारी पडला म्हणून धूर आला आणि धूर आला म्हणून पिल्लं मेली, अशी साखळी त्या पोराने मनात जोडून ठेवली आहे. त्याला सांगा, 'तुला डास चावला, आणि तो डास कुठल्या तरी साचलेल्या पाण्यात वाढला. त्यात तुझी काही चूक नाही.' हे एकदा सांगून भागणार नाही, दोन-तीनदा सांगावं लागेल. आणि जमलं तर त्याच्या आईसमोर सांगा. गेल्या वर्षीचे ते पाच दिवस सूनबाईंनी हॉस्पिटलमध्ये कसे काढले असतील ते तुम्ही पाहिलं आहे. त्यांच्या अबोल्यात राग असेलच, पण भीती जास्त असावी असं मला वाटतं.

आता 'हत्या' या शब्दाकडे येते. तुमचं दुःख मला समजतं. सात-आठ ग्रॅमचा तो पक्षी, पानाला भोकं पाडून कोळ्याच्या जाळ्याचे नि कापसाचे धागे ओवतो, तीन पिल्लांना दिवसभर किडे आणून भरवतो, आणि एका रात्रीत सगळं संपतं. पण धूर मारला आणि त्यानंतर पिल्लं मेली, एवढ्यावरून धुरानेच ती मेली असं ठरत नाही. त्या रात्री जोराचा पाऊस झाला होता का? मांजर, कावळा, साप यांच्यापैकी कुणी आलं होतं का? तिसरं पिल्लू सापडलं नाही, यावरून तसा संशय घ्यायला जागा आहे. खात्री करायची तर मेलेली पिल्लं ताबडतोब बर्फात ठेवून प्रयोगशाळेत तपासावी लागली असती, आणि ते आता होण्यासारखं नाही.

धुराने झालंच नाही, असंही मी म्हणत नाही. पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा वेगळी असते. फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा एकाच दिशेने सतत वाहते, त्यामुळे हवेतलं जे काही असेल ते त्यांच्या शरीरात भराभर शोषलं जातं. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला पूर्वी कॅनरी पक्षी नेत, ते यासाठीच. सोसायट्यांमध्ये जे मशीन फिरतं त्यात औषध बहुधा डिझेलमध्ये मिसळून गरम नळीतून धूर काढतात. मशीनवाला ती नळी झुडपात खुपसतो, कारण डास तिथे बसतात हे त्याला माहीत असतं. घरटं त्या नळीपासून हातभरावर असेल तर गरम डिझेलचा धूर थेट पिल्लांच्या अंगावर जातो. मोठा पक्षी उडून जातो, पिल्लाला उडता येत नाही. आणि घाबरलेली आई अंधार पडेपर्यंत परतली नाही, तर अंगावर पुरती पिसं न आलेली पिल्लं रात्री गारठून मरू शकतात. तसं झालं असेल तर औषधाचा थेंबही पोटात न जाता जीव गेला असेल.

औषधांबद्दल थोडं सांगते, कारण 'औषध सौम्य असतं' आणि 'सगळंच विष असतं' ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. धुरीकरणात आज मुख्यतः पायरेथ्रॉइड गटातली औषधं किंवा मॅलॅथिऑन वापरतात. पायरेथ्रॉइड पक्ष्यांना फारसं विषारी नाही, त्यांचं शरीर ते लवकर मोडून टाकतं. मासे आणि मधमाश्या मात्र त्याने फार लवकर मरतात. मॅलॅथिऑन ज्या गटातलं आहे तो गट मज्जातंतूंवर काम करतो. त्यातलं मॅलॅथिऑन पक्ष्यांना त्यामानाने कमी घातक असलं, तरी त्याच गटातल्या फेन्थिऑनने पक्षी मेले आहेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मार्को बेटावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस डासांसाठी विमानातून फेन्थिऑन फवारलं गेलं आणि किनाऱ्यावरचे पक्षी मेलेले सापडले. भारतात फेन्थिऑनवर २०१८ मध्ये बंदी आली. त्याआधीची डीडीटीची गोष्ट तर जगाला ठाऊक आहे. त्याने पक्षी तिथल्या तिथे मरत नसत. ते मासे आणि छोट्या पक्ष्यांमधून शिकारी पक्ष्यांच्या अंगात साठत जाई, मग अंड्यांची कवचं इतकी पातळ होत की आई उबवायला बसली की फुटत. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं.

तुमच्या आवारात कुठलं औषध मारतात, हे तुम्हाला माहीत आहे का? कमिटीला तरी माहीत आहे का? मला वाटतं हा प्रश्न तुमच्या ग्रुपवरच्या सगळ्या भांडणापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तो अजून कुणी विचारलेला दिसत नाही.

पण ताई, पक्ष्यांचं खरं नुकसान जिथे होतं तिथे मेलेलं पिल्लू दिसत नाही. ते होतं त्यांच्या ताटात. शिंपी, दयाळ, नाचण, वेडा राघू, आकाशात गिरक्या घेणाऱ्या पाकोळ्या, सगळे किड्यांवर जगतात. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवते. धुराला डास आणि बाकीचे किडे यांतला फरक कळत नाही. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन महिने एखाद्या आवारात धूर मारला, तर पतंग, छोट्या माश्या, कोळी, चतुर सगळेच कमी होतात. चतुर आणि कोळी स्वतः डास खातात, म्हणजे आपण डासांचे शत्रूही मारतो. पिल्लं मरत नाहीत, कमी खाऊन वाढतात, किंवा पुढच्या खेपेला घरटंच होत नाही. त्याचा फोटो ग्रुपवर टाकता येत नाही.

याचा एक अभ्यास मला नेहमी आठवतो, कारण जागा आपल्यासारखीच आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या मुखाशी कामार्ग नावाचा पाणथळ प्रदेश आहे, तिथेही फ्लेमिंगो असतात. तिथे डासांसाठी बीटीआय वापरायला लागले. बीटीआय हा जिवाणू आहे, तो पाण्यातल्या डासांच्या अळ्या मारतो आणि पक्ष्यांना, माणसांना काही करत नाही. कीटकनाशकांमध्ये इतकं निवडक क्वचितच काही सापडेल. तरीही तिथल्या भिंगऱ्यांच्या पिल्लांना काय भरवलं जातं हे मोजल्यावर दिसलं की फवारणी झालेल्या भागात न चावणारी चिलटं, चतुर आणि कोळी कमी झाले होते, भिंगऱ्या त्याऐवजी उडत्या मुंग्या आणत होत्या, अंडी कमी घालत होत्या आणि कमी पिल्लं जगत होती. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उलट अमेरिकेतल्या मिनेसोटात बीटीआय वापरलेल्या पाणथळींवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर वाईट परिणाम आढळला नव्हता. म्हणजे कुठे, किती आणि कशावर मारता यावर बरंच अवलंबून असतं. लिफ्टच्या खड्ड्यात बीटीआय टाकणं आणि खाडीकाठच्या अख्ख्या पाणथळीवर ते फवारणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सेक्रेटरींच्या प्रश्नाकडे. पक्षी महत्त्वाचे की मुलं? या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की धुराने मुलं वाचतात. ती तपासून बघू.

डेंग्यूचा डास, एडिस, दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. तो राहतो घरात. पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटात लटकवलेल्या कपड्यांमध्ये. अंगणात मारलेला धूर तिथे पोचतच नाही, उलट धुराचा वास नको म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. धूर फक्त उडत्या, मोठ्या डासाला लागला तर मारतो, तोही त्या तासाभरात. अळी आणि कोषाला काही होत नाही, ते पाण्यात सुरक्षित असतात. दुसऱ्या दिवशी त्याच डबक्यातून नवे डास बाहेर पडतात. पावसाळ्यातल्या उबेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून दोनदा धूर मारूनही डास तेवढेच राहतात, आणि मग कमिटी म्हणते, तीनदा मारू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं हे चाललं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही अशी फवारणी रोजच्या सवयीसाठी नाही, साथीच्या तातडीसाठी सांगते.

त्यामुळे 'धूर कायमचा बंद करा' ही तुमची मागणी मला पटत नाही. एखाद्या घरात पेशंट निघाला, तर त्या घरात आणि शेजारच्या घरांत आतून फवारणी करणं योग्य आहे, कारण पेशंटला चावलेला डास तिथेच बसलेला असतो. महापालिकेच्या आरोग्य विभागाची माणसं त्यासाठी येतात. त्यांना नाही म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. त्याहूनही उपयोगाची गोष्ट म्हणजे डेंग्यूच्या पेशंटने तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत झोपायचं. त्या दिवसांत त्याला चावलेला डास आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो. ही साखळी मच्छरदाणीने तुटते, धुराने क्वचितच.

आता जे लिहिणार आहे ते वाचताना रागावू नका. तुम्ही पक्ष्यांवर प्रेम करता, म्हणजे गॅलरीत पाण्याचं भांडं असणार. कुंड्यांखाली बशा असतील, मनी प्लांट बाटलीत असेल. गेल्या आठवड्यात ती भांडी रिकामी करून घासली होतीत का? एडिसला गटार लागत नाही, त्याला स्वच्छ साठलेलं पाणी हवं असतं, आणि पक्ष्यांचं मातीचं भांडं त्याला फार आवडतं. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी बदलून चालत नाही, आतून खरवडून घासावं लागतं. पक्ष्यांसाठी रोज ताजं पाणी ठेवलंत तर ते त्यांच्याही तब्येतीला बरं. मी ठाण्यात राहते, माझ्याही गॅलरीत असं भांडं आहे. एका पावसाळ्यात चार दिवस गावाला गेले होते, परत आले तर त्यात अळ्या वळवळत होत्या. त्या दिवसापासून बाहेर पडण्याआधी भांडं पालथं करून जाते.

हा डास सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तुमच्या नातवाला चावलेला डास बहुधा तुमच्याच आवारात किंवा शेजारच्या इमारतीत वाढला. तुमच्या जुन्या वसाहतीत तो कुठे असू शकेल याचा अंदाज मी इथूनही बांधू शकते. गच्चीवरच्या टाकीचं तुटलेलं झाकण आणि जाळी नसलेला ओव्हरफ्लोचा पाइप. लिफ्ट असेल तर तिच्या खालचा खड्डा. पावसाळी शेडवर टाकलेली ताडपत्री, तिच्या खोबणीत साचलेलं पाणी. फ्रिजच्या मागचा ट्रे, जो बहुतेक घरांत वर्षानुवर्षं कुणी उघडून पाहत नाही. पार्किंगमधले टाकून दिलेले टायर, जुने कमोड, रंगाचे डबे. बंद फ्लॅटचे संडास, जिथे महिनोन्महिने फ्लश होत नाही. आणि शेजारी कुठे पुनर्विकास चालू असेल तर स्लॅबवर मारलेलं पाणी आणि तळघरातलं डबकं. बांधकामाच्या जागेची तक्रार मात्र मनपाकडे जरूर करा, आणि लेखी करा. ती जागा सोसायटीच्या हातात नसते.

तुमच्या कमिटीला मी एक सुचवेन. आठवड्यातला एक दिवस कोरडा दिवस ठरवा. रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्येक घराने आपली भांडी, बशा, ट्रे रिकामे करून घासायचे, आणि दोन-तीन जणांनी टॉर्च घेऊन गच्चीपासून पार्किंगपर्यंत फेरी मारायची. सात दिवसांत एकदा पाणी ओतलं की अळीला डास होण्याइतका वेळच मिळत नाही. जे पाणी ओतता येत नाही, लिफ्टचा खड्डा किंवा शोभेचा हौद, तिथे मनपाच्या माणसांकडून अळीनाशक टाकून घ्या किंवा बंदिस्त हौदात गप्पी मासे सोडा. गप्पी मासे तलावात, खाडीत किंवा धारण तलावात (पावसाचं नि भरतीचं पाणी धरून ठेवणाऱ्या तळ्यात) कुणी सोडत असेल तर थांबवा, ते तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर येतात.

धूर मारायचाच झाला, तर मशीनवाल्याला काही प्रश्न विचारा. औषधाचं नाव काय, डबा दाखवा, प्रमाण काय घेता, आणि परवाना आहे का? पैसे घेऊन फवारणी करणाऱ्याला कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे परवाना लागतो. डायक्लोरव्हॉस दाखवलं तर त्याला गेटबाहेरच थांबवा, ते २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे आणि पक्ष्यांना फार विषारी आहे. नाव सांगता येत नसेल तर त्या माणसाला काम देऊ नका, पक्षी असोत की नसोत, कारण तो धूर तुमची मुलंही हुंगतात. धूर मारण्याआधी कुणीतरी आवारात एक चक्कर मारून घरटी बघून ठेवावीत आणि त्या झाडापासून दोन-तीन मीटर लांब राहायला सांगावं. नळी झुडपात खुपसू नये. गॅलरीतलं पक्ष्यांचं पाणी आणि माशांचा टँक झाकून ठेवावा. वारा जोराचा असेल किंवा पाऊस असेल तर धूर मारूच नये, पैसे आणि औषध दोन्ही उडून जातं.

नेरूळचं म्हणून आणखी एक. संध्याकाळी खाडीच्या बाजूच्या दिव्यांभोवती जे ढग जमतात, त्यात पुष्कळदा न चावणारी चिलटं असतात. त्यांना डास समजून लोक धूर मागतात आणि पाकोळ्यांचं जेवण जातं. तसंच खाडीकाठच्या पाणथळींमुळे डास होतात, बुजवून टाका, असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं तर गप्प बसू नका. जिथे भरती-ओहोटीचं पाणी नीट आत-बाहेर करतं, तिथे मासे येतात, पाणी हलतं आणि डास वाढत नाहीत. पाण्याची वाट अडली की पाणी साचतं, डास वाढतात आणि फ्लेमिंगोही जातात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे, तेव्हा तिथल्या पाण्याची वाट मोकळी राहावी हे सांगायला तुम्हाला पुरेसा आधार आहे.

मग तक्रार करायची का? पिल्लांसाठी कुणावर तक्रार करून काही हाती लागणार नाही. जाणूनबुजून घरटं मोडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये बसतं, पण तुमच्या कमिटीने तसं केलेलं नाही. ती माणसं घाबरलेली आहेत, तुमच्यासारखीच. माफीचं म्हणाल तर 'हत्या' या एका शब्दापुरती मागा, आणि त्या वाक्याच्या पुढे लगेच पेशंटच्या घरातली फवारणी, कोरडा दिवस आणि मशीनवाल्याला विचारायचे प्रश्न असं तिन्ही लिहा. सेक्रेटरींना वेगळं भेटून सांगा की पहिल्या रविवारच्या फेरीला मी येते. मुलाशी बोलताना पक्ष्यांपासून सुरुवात करू नका. 'याला पुन्हा डेंग्यू होऊ नये म्हणून आपल्या फ्रिजमागे बघू या,' असं म्हणा. तो नाही म्हणणार नाही.

पुढे कधी असं पिल्लू जिवंत सापडलं तर त्याला पाणी पाजू नका, चोचीत घातलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर, उबेत आणि अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

उंबरावरचं रिकामं घरटं काढू नका, असू द्या. शिंपी ते पुन्हा वापरत नाही, नवं शिवतो, आणि पावसाळा संपेपर्यंत त्याचा हंगाम चालूच असतो. नातवाच्या हातात एक वही द्या. रविवारच्या फेरीत कुठे अळ्या सापडल्या ते डाव्या पानावर, कुठे कुठला पक्षी दिसला ते उजव्या पानावर. टॉर्चही त्यालाच धरू द्या. लिफ्टच्या खड्ड्यात मात्र त्याला वाकू देऊ नका.